डावा हात

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझं पत्र पोचलं. अप्पांच्या टीव्हीतली माणसं हल्ली बुटकी दिसतात, हे वाचून आधी हसलो आणि मग धसकाच घेतला. अप्पा अजून मागचं झाकण उघडून बसतात म्हणतेस? सकाळी चहा घेतला की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याच्या हाती पेचकस? ताई, तू वेडी की खुळी?

मी नवा पाठवतो, भिंतीवर टांगायचा. तू फक्त हो म्हण. फोन केला तर अप्पाच उचलतात आणि मला गिऱ्हाईक समजून संध्याकाळी सेट बघायला येतो म्हणतात, म्हणून हे पत्र.

लोभ आहेच, रागही थोडा आहे.
तुझा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
रागव हवा तेवढा, पण आधी ऐक. चाळीस वर्षं अप्पांनी घरोघरी जाऊन लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. आता दिवसभर मला बाई म्हणतात, ताट वाढलं की आभार मानतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं रे. पण झाकण उघडलं की मी ताई. मग मला वेंधळी म्हणतात, बारका पेचकस आणायला पिटाळतात. शिव्या खाऊन इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. सेट उघडला की डावा हात खिशात. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये वीज साठून राहते. एक हात लागला तर झटका, दोन्ही लागले तर थेट काळजातून जाते. सगळं विसरले, पण तो हात आपसूक खिशात जातो. मी समोर शिलाई मशीनवर बसून तेवढंच बघते. ज्या दिवशी हात बाहेर दिसेल त्या दिवशी तुला लिहीन, शब्द देते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
नवा टीव्ही पाठव. लगेच.

मी शब्द मोडला. हात बाहेर दिसला त्याला नऊ दिवस झाले. रोज स्वतःला म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे. ताई म्हणून घ्यायची हाव सुटेना. बापाचा जीव टांगणीला लावून मी हाक ऐकत बसले, दुसरं काय म्हणू?

आज त्यांनी दोन्ही हात आत घातले होते. मला जवळ बोलावलं, माझं मनगट धरलं आणि ट्यूबवरची जाड वायर घट्ट धरायला सांगितली. लहानपणी आपण नुसतं जवळ गेलो तरी पाठीत धपाटा घालणारा हा माणूस! मी हात हिसडला. ते चिडले, मदतनीस असा बावळट नको म्हणाले. मी मोरीत जाऊन रडले.

मनातून उतरले असेन तर तसं लिही, पण लिही.
तुझी,
ताई

२५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
टीव्ही निघाला. तू काही पाप केलेलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर नऊ दिवसच काय, महिना काढला असता. मला तर त्यांनी नावानं हाक मारून दोन वर्षं झाली. जुना सेट ते झोपलेले असताना हलव.

आहे तेवढा जीव तुझ्यावरच आहे.
तुझा,
धाकटा

९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.
टीव्ही सुखरूप पोचला. चित्र लख्ख आहे, माणसं आपापल्या उंचीची दिसतात. जुना सेट भंगारवाला घेऊन गेला.

अप्पा उठले, रिकाम्या टेबलाशी गेले आणि मला विचारलं, दुरुस्तीचा सेट कुठे गेला. मी म्हटलं, तुम्ही केला ना नीट, ज्यांचा होता ते घेऊन गेले. चित्र स्थिर राहतंय का म्हणाले. मी हो म्हटलं. चेहरा असा उजळला त्यांचा! मग, बाई, तुमचं काम झालं, आता घरी जायला हवं, मुलं वाट बघत असतील, असं म्हणून चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभे राहिले.

तेव्हापासून रोज उभे राहतात. मी आतून कुलूप लावते आणि ते मला, बाई, जाऊ द्या हो, असं अगदी नम्रपणे विनवतात.

जमेल तेव्हा नको, आता ये.
तुझी,
ताई