दातांच्या डॉक्टरांचा अर्धा डेक

मी, खाली सही करणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, धंदा लाकडी डेक धुणे, त्यांचा जुना थर उतरवणे व नवा सीलर, म्हणजे पाणी अडवणारं तेल, लावणे, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. फूस लावण्याइतका वेळ माझ्यापाशी बसायला कोणाला नसतो. भाषा माझी आहे. वकीलबाई ती सुधारायला निघाल्या होत्या, मी कागद ओढून घेतला.

१. राहतं घर माझ्या पश्चात मुलगा आणि मुलगी दोघांचं. मधोमध भिंत घालायची नाही. मी टेप धरून बघितलं आहे. भिंत घातली तर जिना एकाकडे जाईल आणि संडास दुसऱ्याकडे.

२. बँकेत जे उरलं असेल ते नातीला, म्हणजे मुलाच्या मुलीला. तिने त्याचं काय करावं हे मी सांगणार नाही, कारण माझ्या पैशाचं काय करावं हे मला जन्मभर सगळ्यांनी सांगितलं.

३. गुडघ्याखाली घ्यायच्या माझ्या दोन्ही गाद्या धाकट्या दिराला. मी काम सुरू केलं तेव्हा तो भर पंगतीत म्हणाला होता, "वहिनी चार दिवस फरशा-फळ्या घासतील आणि कंबर धरून घरी बसतील." गाद्या फाटल्या आहेत. कशाने फाटल्या ते त्याने निवांत बघावं.

४. आता धंदा. तो कसा झाला हे सांगितल्याशिवाय कोणाला काय का दिलं ते कळणार नाही.

यांचं काम सुतारकी. घरांच्या मागे, हॉटेलांच्या अंगणात लोकांना बसायला लाकडी फळ्यांचे डेक हे बांधायचे. बांधायचे आणि विसरायचे. दोन वर्षांनी डेक काळा पडला की गिऱ्हाईक आमच्या दारात. हे म्हणायचे, "लाकूड आहे, काळं पडणारच." मला ते उत्तर पटायचं नाही, कारण ऐकून घ्यायला दारात मी असायचे. एकदा बादली, सोडा आणि खरखरीत ब्रश घेऊन गेले आणि एक फळी घासली. काळ्याखालून असा मधासारखा रंग वर आला की गिऱ्हाईक म्हणालं, उरलेल्या फळ्याही घासा. पुढे हे गेल्यावर मी टेम्पो घेतला, जोराने पाणी मारायचं मशीन घेतलं, आणि मुलं मोठी झाल्यावर दोघांना हाताशी घेतलं.

मुलगा धडाक्याचा. जुना थर उतरवायचं औषध फासलं की मशीनचा जोर असा सोडतो की फळीवर मांजरासारखी लव उभी राहते. मुलगी त्याच्या उलट. सीलर लावताना एकेका फळीशी इतका वेळ बसते की वाटावं तिची वेणी घालते आहे. म्हणून उतरवायचं काम त्याचं आणि लावायचं हिचं. बरीच वर्षं छान चाललं. मग दातांच्या डॉक्टरांचा डेक आला.

५. डॉक्टरांच्या दवाखान्यामागे तो डेक आहे, पेशंट तिथे बसतात. आम्ही केला आणि महिन्याभरात पोपडे सुटले. दोघं परत गेली, अर्धा डेक पुन्हा उतरवला आणि तिथेच, तोंडात कापूस धरलेल्या एका पेशंटसमोर, जुंपली.

"दादा, तू फळ्या धुतल्या होत्यास की नुसत्या भिजवल्या होत्यास?"

"तू त्या वाळू दिल्या होत्यास का? ओल्यावर लावलंस, मग सुटणारच."

"तुझं औषध तसंच राहिलं होतं. हात लावून बघ, फळी अजून साबणासारखी निसरडी आहे."

"मग आता तूच धू."

"मग तूच लाव."

दोघं दोन दिशांना गेली. त्याला आता दोन वर्षं होतील. मुलगा मला फोन करून म्हणतो, "तिला सांग, टेम्पो उद्या मला हवा आहे." मुलगी पलीकडच्या खोलीत असते. मी ओरडून सांगते. ती म्हणते, "त्याला सांग, न्यायचा तर ने." एकटा मुलगा काम घेतो ते उघडं पडून राहतं, एकटी मुलगी घेते ते वेळेवर संपत नाही.

मी तेव्हाच डॉक्टरांकडे जाऊन पोपडा उचलून बघितला. फळी निसरडीही होती आणि आतून ओलीही. दोघांचंही खरं होतं. दोघं बरोबर असूनही इतकं लांबलेलं भांडण मी दुसरं बघितलेलं नाही.

मी गेल्यावर या दोघांमध्ये निरोप पोचवायला कोणी उरणार नाही. म्हणून हा कागद. बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं.

६. पाण्याचं मशीन, सगळे पाइप आणि थर उतरवायच्या औषधाचे डबे मुलीला. ब्रश, रोलर, सीलरच्या तेलाचे डबे आणि फळीतला ओलावा मोजायचं यंत्र मुलाला. चुकून उलटं लिहिलेलं नाही. वकीलबाईंनीही विचारलं. टेम्पो मुलाचा, त्याची किल्ली मुलीकडे. एकाच्या सहीशिवाय दुसऱ्याने यातलं काही विकायचं नाही.

मुलाने तेल लावण्याआधी फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. थेंब मुरला तर फळी तेल पिईल. थेंब वर बसून राहिला तर त्याने हात मागे घेऊन नुसतं थांबावं, जे त्याला आजवर जमलेलं नाही. मुलीने धुताना एका फळीवर मुक्काम करू नये. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवाव्यात. हे मी जिवंतपणी रोज ओरडत होते, आता लेखी दिलं.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, कागद करून कोणाला एकमेकांशी बोलायला लावता येत नाही."

मी म्हटलं, "बोलू नका म्हणावं. पण एकाने पाणी मारायचं आणि दुसऱ्याने तेल लावायचं, तर 'पाइप बंद कर' म्हणायला तरी तोंड उघडावं लागेल."

७. डॉक्टरांचा डेक दोघांनी मिळून फुकट पुरा करून द्यायचा. तो होईपर्यंत कलम सहामधलं कोणालाही काही मिळणार नाही.

साक्षीदार म्हणून आधी डॉक्टरांनाच बोलावलं होतं. पेन काढून बसले, सवयीने सगळं वाचलं आणि हे कलम आल्यावर थांबले. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. सही किंवा डेक, एकच काय ते."

डॉक्टरांनी पेन खिशात घातलं. "अर्ध्या डेकवर खुर्च्या टाकून पेशंट बसवतो मी, आजी. उरलेल्या अर्ध्यावर पोपडे. मला डेक द्या. पण म्हणजे मी तुमच्या मरणाची वाट बघायची का?"

"बघा की. नाहीतरी माझ्या अक्कलदाढेच्या वेळी तुम्ही मला बाहेर ताटकळत ठेवलं होतंतच."

ते हसले, पण प्रश्न रास्त होता. रात्रभर नाही, चहा होईपर्यंत विचार केला आणि पुढचं कलम घातलं.

८. माझी तब्येत डॉक्टरांच्या खुर्च्यांपेक्षा जास्त टिकेल असं दिसतं. म्हणून, मी जिवंत असताना मुलगा आणि मुलीने तो डेक एकत्र उभं राहून पुरा केला, तर हे मृत्युपत्र रद्द. मी स्वतः फाडेन. मग मशीन, ब्रश, टेम्पो, सगळं दोघांच्या नावे एकत्र करीन, आणि ज्याला जे येतं ते त्याने करावं. मला विचारायला येऊ नये. फळ्यांना विचारावं.

याची एकेक प्रत आजच दोघांना देत आहे. मुलीची मी उशीपाशी ठेवते, मुलाची डॉक्टर नेऊन देणार आहेत. निरोप मी पोचवणार नाही.

९. माझा फोटो लावलात तर चौकट लाकडी असावी आणि तिला चकचकीत वार्निश फासू नये.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून, समजून, आणि दोन ठिकाणी स्वतःच हसून मान्य केलं आहे.

सही (अंगठा नव्हे. शाळा लवकर सुटली, पण एवढं उरलं.)

साक्षीदार:
एक, हार्डवेअरवाला. जन्मभर मी याच्याकडून ब्रश घेतले. याने एकदाही भाव कमी केला नाही, म्हणून मीही याला काही ठेवलेलं नाही.
दोन, समोरची शेजारीण, जिने लाकूड काढून प्लास्टिकच्या फळ्या बसवल्या. सही करता करता विचारलं, "म्हणजे मला काहीच नाही?" वकीलबाई म्हणाल्या, म्हणूनच तर तुम्ही चालता.

स्थळ: घरामागचा डेक.
दिनांक: अकरा मार्च. हवा कोरडी, वारा बेताचा. आठवडाभर असंच राहील असं बातम्यांत सांगितलं आहे. फळ्या वाळायला तेवढं पुरे.