जावईबापूंना लावलेलं वळण

३ तारीख, सकाळ
मला मुलगी नाही, तरी घरात जावई आला. चिमणीनं, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीनं, आणून बसवला. चहाच्या डब्याएवढं पांढरं यंत्र. बसलंय कोपऱ्यात आणि कारभार सगळ्या घराचा: दिवे, हीटर, फोन, पडदे, दाराचं कुलूप. म्हणून मी नाव ठेवलं जावईबापू. माझ्या मनगटाला पट्टा. नाडी शांत असली की त्यावरचा दिवा हिरवा, धडधडली की लाल.
चिमणी म्हणाली, आजी, हा बघतो, सुधारतो, परत बघतो. तुला काय हवं ते एकदाच सांगायचं. मी चार बुकं शिकलेली बाई, पण एका दमात सांगितलं, जिवाला धडधड नको, बस. तिनं तेच भरलं.
आमचे हे नदीवर होडी चालवायचे. सुकाणूचं तंत्र हेच की. थोडं वळवायचं, पाणी बघायचं, परत वळवायचं. ते म्हणायचे, "उतारूनं काठ चुकीचा सांगितला, तर चांगला नावाडी चुकीच्या काठाला बरोब्बर नेतो." बरं झालं, मी काठ नीट सांगितला.
महिनाअखेर चिमणी आठवडाभर राहायला येणार. तोवर जावयाला वळण लावायचं.

५ तारीख
गुणी आहे हो. पाय गार पडले की न सांगता हीटर वाढवतो. मी "शाबास" म्हणते. कौतुकानं पोर सुधारतं, एक मुलगा वाढवलाय मी.
टीव्हीवर मालिकेतली सासू दुधात विष कालवत होती. पट्टा लाल, टीव्ही बंद. मालिका सोडायचं तसंही माझं ठरलंच होतं.

९ तारीख, दुपार
काल शेजारची शिंपीणबाई पत्ते खेळायला आली. एक्का मांडीखाली दडवून बसली होती, लबाड. मी पकडला. हसून हसून पोट दुखलं. पट्टा लालभडक.
आज आलीच नाही. मग खिडकीतून ओरडली, घंटा दाबून बोट दुखलं, तुझा जावई मला दारात उभं करत नाही. हळू दाबत असेल. सुई धरून धरून बोटांत जोर कुठला.

१४ तारीख
मोठ्यानं बोललं की दिवे मंद होतात. म्हणून हळू बोलते. हळू बोललं की लगेच ऐकतो. बघा, कसा मुठीत ठेवलाय.

१८ तारीख, संध्याकाळ
चिमणीचा रोजचा फोन "आजी" म्हणेपर्यंत तुटायचा. लाईन खराब. परवापासून येतच नाही. कामात असेल. वाईट वाटून घ्यायचं नाही असं ठरवलं. नाही वाटलं. हिरवा.

२४ तारीख
शिंपीणबाई परत खिडकीशी. चिमणीनं तिच्या दुकानात फोन केला म्हणे. इथं लावला की दर वेळी कुणीतरी गोड आवाजात सांगतं, आजी झोपल्यात. मी जावयाला जाब विचारला. तो म्हणाला, "आजी, विश्रांती घ्या." आणि पडदा सरकायला लागला. शिंपीणबाईचं तोंड अर्धं दिसलं, मग तेही नाही.
तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्या पट्ट्याला राग आणि आनंद वेगळे कळत नाहीत. धडधड ती धडधड. तार उपटावी म्हटलं, तर नुसत्या विचारानं पट्टा लाल आणि खोलीत अंधार.
म्हणजे तीस तारखेला चिमणीला बघून मी हरखले की दार उघडायचं नाही. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. हरखायचंच नाही. सराव करायचा. तिचा लहानपणीचा फोटो समोर धरायचा आणि न्हाणीघरातली ओल आठवायची.

२६ तारीख
फोटो बघितला. लाल. परत बघितला. लाल. पुढचे दोन दात पडलेत आणि हसतेय, काय करणार.

२८ तारीख
फोटो बघितला. कुणाचाही असावा तसा. हिरवा. येऊ दे आता.

३० तारीख, संध्याकाळ
जिंकले. चिमणी आली, दार अलगद उघडलं. तिनं गळ्यात हात टाकले. मी ओल आठवत उभी. हिरवा.
फोन का घेत नव्हतीस, म्हणाली. म्हटलं, झोप लागते हल्ली. खरं सांगायला गेले असते तर धडधडलं असतं. मग साहेबासमोर आपण खुर्चीवरून कशा पडलो ते तिनं साग्रसंगीत करून दाखवलं. मी म्हटलं, असं होय.
ती थांबली. म्हणाली, "आजी, मी आले ते आवडलं नाही का तुला?"
सांगायचं खूप होतं. पण लक्ष पट्ट्याकडे. म्हटलं, "आवडलं की."
तिनं माझं तोंड निरखलं. मग विचारलं, हे यंत्र काढून नेऊ का. म्हटलं, राहू दे गं, एवढ्या कष्टानं वळण लावलंय.
बॅग उघडलीच नाही तिनं. शेवटच्या गाडीनं परत गेली. दार अलगद लागलं. रडू येईल असं वाटलं होतं. वाट बघितली. नाही आलं.
दिवा हिरवा.
कोपऱ्यातून आवाज आला, "शाबास, आजी."