लुनाच्या किल्लीसाठी शिकागोचा रस्ता

बालाघाट,
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

माननीय श्री. मोतीलालजी, रिटायर गार्डसाहेब, मुक्काम लालबर्रा, यांस पुनाराम नंदेश्वर, रिटायर रेल्वे ड्रायव्हर, छोटी लाईन, याचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे सारे खुशाल आहो. तुह्या टोंगळ्याचं, डॉक्टरच्या भाषेत गुडघ्याचं, ऑपरेशन होऊन चार महिने झाले, आता काठी सुटली काय, का अजून पलंगावरून लीलाबाई वहिनीले आवाज देत बसतोस? (वर 'यांस' लिहिलं अन् खाली 'तू' लिहून राह्यलो, त्याचा राग मानू नको. रिटायर माणसाले पहिल्या ओळीपुरताच मान असते.) डॉक्टरनं सांगितलं तेवढं चालत जा. वहिनीले माहा जय भीम सांग अन् त्यांचा बीपी कसा आहे तेही कळव.

तू मनात म्हणत असशीन, हा पुन्या दर गुरुवारी लुनावर बसून येत होता, टोंगळा कापला अन् गडी गायब. तसं नाही गा. दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी तुह्याकडेच निघालो होतो. पिशवीत आमच्या घरवालीनं, जिजाबाईनं, तुह्यासाठी दिलेले अनारसे होते. चौकात एका ट्रकवाल्यानं मले वळूच दिलं नाही, म्हणून मी सरळ गेलो, अन् सरळच जात राह्यलो. बऱ्याच वेळानं वाटलं की लालबर्रा आज काहून एवढं लांब गेलं. थांबलो, पाह्यलं, तर समोर भलत्याच रस्त्यावरच्या हट्टा गावची बावडी. मोतीलाल, छत्तीस वर्षं मी इंजिन हाकललं, कधी कोणाले रस्ता विचारला काय? रूळ नेते तिकडे जायचं, हीच आपली नोकरी. तो मान मी लुनावर बसून काहून सोडू? म्हणून कोणाले काही न विचारता बावडीच्या पायरीवर बसलो अन् अनारसे खाल्ले (तुह्या वाट्याचे पण, माफ कर). आमच्या मोहल्ल्यातला महागू ट्रॅक्टर घेऊन तिथून चालला होता. त्यानं मले अन् लुनाले ट्रॉलीत टाकून घरी आणलं. साऱ्या मोहल्ल्यानं पाह्यलं. जिजाबाईनं लुनाची किल्ली काढली अन् पदराच्या गाठीत बांधली. त्या दिवसापासून मी घर ते भाजीबाजार, तेही पायी. अन् तुले भेटलो नाही. मले तुह्याबिगर करमत नाही हे मी कधी बोललो नसतो, पण कागदावर लाज वाटत नाही.

आता विमानाचं ऐक. (घाबरू नको, मी कुठं चाललो नाही.) आमची सून मंजुषा शाळेत कम्प्युटर शिकवते, घरी पण एक आहे, त्यात विमान चालवायचा खेळ आहे. किल्ली गेली त्या रागात मी त्याच्यासमोर बसलो. अन् सांगू काय, विमान हाकलणं एकदम सोपं! धावपट्टीवर उभं असते, जोर द्यायचा की निघालं. वर गेलं की ना फाटक, ना म्हैस, ना ट्रकवाला. दोन महिन्यांत मी पटाईत झालो. एक दिवस जेवताना ताठ बसून म्हटलं, जो माणूस विमान चालवते त्याले लुनाची किल्ली द्यायले हरकत काय? मंजुषा पोरगी गुणाची आहे, पण हाडाची मास्तरीण. म्हणाली, बाबा, तुम्ही दर वेळी धावपट्टीवरूनच सुरू करता. शिकागोच्या विमानतळावर गेटापासून सुरू करा, अन् कोणाले न विचारता सत्तावीस नंबरच्या धावपट्टीपर्यंत जमिनीवरून विमान नेऊन दाखवा. नेलं की किल्ली तुमची. जिजाबाई एवढी हसली की तिले ठसका लागला. तो ठसका मले जास्त लागला. येत्या रविवारी, पंधरा तारखेले, साऱ्यांसमोर परीक्षा आहे. एकच संधी.

बावा रे, ते शिकागो! आपल्या जंक्शनमधी चार लाईनी असल्या तर आपण यार्ड मोठं म्हणत होतो. तिथं जिकडे पाह्यशीन तिकडे रस्ता, अन् प्रत्येक रस्त्याच्या मधोमध एक पिवळी रेघ. पहिल्या दिवशी मी त्या रेघेवर विमान ठेवलं, थोडा जोर दिला अन् हात मांडीवर ठेवून बसलो. रेघ डावीकडे वळली. विमान वळलंच नाही, सरळ गवतात. मी चिडून म्हटलं, रेघ आहे तर वळत काहून नाही? मंजुषा म्हणाली, बाबा, ती रंगवलेली आहे, वळवायचं तुम्हीच. म्हणजे काय, की एवढ्या लांबच्या देशातल्या लोकांनी रूळ न टाकता नुसता रंग मारला! अशी ठेकेदारी आपल्या इकडे झाली असती तर चौकशी बसली असती.

दुसऱ्या दिवशी लाल पाटी आली. लाल म्हणजे थांबा, एवढं तर जन्मापासून ठाऊक. थांबलो. आता तू गार्ड आहेस, तूच सांग, परवानगीच्या टोकनचा गोळा हातात पडल्याबिगर आपण कधी पुढच्या सेक्शनवर गाडी टाकली काय? मी वाट पाहत बसलो. वरण झालं, भात झाला, जिजाबाई बोलवायले आली, मी म्हटलं लाईन क्लिअर नाही, जेवता येत नाही. ती पाटावर ताट ठेवून गेली. दीड तासानं मंजुषा शाळेतून आली, तेव्हा कळलं की खेळातला टॉवरवाला माही वाट पाहून राह्यला होता. परवानगी मागायची कळ आपणच दाबायची असते. यावर आमचा मोठा वाद झाला, कारण मागणं म्हणजे विचारणं होते की नाही? शेवटी परवानगी मागणं म्हणजे रस्ता विचारणं नव्हे, असं मी तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं. (वाट दाखवणारे बाण येण्याची पण एक कळ आहे. ती मात्र रस्ता विचारण्यात मोडते. ती मी दाबत नाही, अन् मेलो तरी दाबणार नाही.)

अन् सत्तावीस नंबर! चार दिवसांनी एक धावपट्टी सापडली, तर तिच्यावर नऊ लिहिलेलं. परत फिरलो. तेव्हा समजलं की त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाले सत्तावीस लिहिलेलं असते. एका फलाटाचे दोन नंबर, इकडून नऊ, तिकडून सत्तावीस! ते दिशेचं गणित आहे म्हणे. असेल. पण मोतीलाल, असं आपल्या स्टेशनवर केलं असतं तर अर्धं गाव गोंदियाले गेलं असतं अन् अर्धं नैनपूरले.

मंग मी ठरवलं, असं नाही जमणार, आपल्या पद्धतीनं करायचं. नव्या सेक्शनवर गाडी द्यायच्या अगोदर आपल्याले लर्निंग रोड देत होते की नाही? जुन्या ड्रायव्हरजवळ उभं राहून सारा रस्ता डोळ्यांत भरायचा, अन् पाठ झाला की मंगच रजिस्टरवर सही. तसंच मी शिकागोचा नकाशा आंगणात काढला. रेघ पिवळी पायजे म्हणून हळद घेतली. (अर्धा डबा. त्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) रोज सकाळी हात पसरून मी त्या रेघेवरून चालतो, मोठ्यानं म्हणतो, डावीकडे, सरळ, पाटी, उजवीकडे, थांबा. शेजारच्या विमलाबाईनं जिजाबाईले हळूच विचारलं, भाऊले कोणी काही करणी केली काय? बरं, तेही चाललं असतं. पण विमलाबाईच्या कोंबड्यांनी एक अख्खा रस्ता उकरून टाकला, अन् मी तो रस्ता नसलेला नकाशाच पाठ केला. संध्याकाळी विमान घेऊन निघालो अन् सरळ हँगरच्या भिंतीत. आता कोंबड्या झाकायले टोपली घेऊन बसतो.

पण ऐक, मी हटलो नाही. काळ्यावर पिवळं अक्षर म्हणजे आपण उभे आहो ती जागा, पिवळ्यावर काळं म्हणजे तिकडे जाणारा रस्ता, एवढं आता झोपेतही सांगीन. वही केली आहे, एकतीस फेऱ्या लिहिल्या आहेत. रस्ता मले तोंडपाठ आहे. रविवारी मी जिंकणार, किल्ली घेणार, अन् त्यानंतरच्या गुरुवारी नाही तर त्याच्या पुढच्या गुरुवारी लुना तुह्या दारात उभी करणार, ही काळ्या दगडावरची रेघ समज.

बाकी सारं भेटल्यावर. टोंगळा रोज वाकव, पण वहिनीवर ओरडून नको.

तुहाच,
पुनाराम

ता. क. — एक लहानशी गोष्ट राह्यली. त्या एकतीस फेऱ्यांत मी सत्तावीस नंबरले एकदाच पोहोचलो, तेही गवतातून. म्हणून तू रविवारी सकाळच्या बसनं इकडे ये. माह्या मागच्या खाटेवर पेपर वाचत बस. डावीकडे वळायचं असलं तर एकदा खोकल, उजवीकडे असलं तर दोनदा. वही सोबत पाठवतो, पाठ कर. रस्ता विचारायचा नाही एवढंच ठरलं आहे, मागून कोणी खोकलायचं नाही असं कुठंच लिहिलेलं नाही.

आणखी ता. क. — लिफाफा मागायले गेलो तर मंजुषानं हातातलं पत्र वाचून काढलं. एवढंच म्हणाली, बाबा, काका बसनं इथं येऊ शकतात, तर मंग तुमची भेट होऊन जाते, लुना कशाले पायजे? तिचं बरोबर आहे. चार महिने मी तुह्यासाठीच झुरून राह्यलो, अन् एक बसचं तिकीट काढलं असतं तर कधीच भेटलो असतो. हे माह्या डोक्यातच आलं नाही, का आलं अन् मी येऊ दिलं नाही, ते मलेही सांगता येत नाही.

शेवटची ता. क. — तू येऊ नको. वहीपण पाठवत नाही, मले लागते. मले कोणी पोहोचवलेलं, कोणी आणलेलं नको, मी स्वतः यीन. रविवारी नाही जमलं तर मंजुषाच्या हातापाया पडून आणखी एक रविवार मागीन. तू फक्त वहिनीले सांग, गुरुवारी एक मूठ तांदूळ जास्त घालायचा. कोणत्या गुरुवारी ते विचारू नको. दर गुरुवारी घालत राहा म्हण.