कारण निश्चित सांगता येत नाही

आप्पा, परवा मी शिरूरच्या कचेरीत गेले होते. गावच्या पाण्याची जुनी फाईल पुन्हा उघडता येते का, हे विचारायला. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला हे आत्ता सुचलं. दरवर्षी मी परदेशातल्या परिषदांना जाते. नद्या, हवा, समुद्र यांच्यावरून देश कसे भांडतात, करारातला एक शब्द मवाळ करायला रात्रंदिवस कसे झटतात, यावर मी पुस्तकं लिहिलीत. ‘करावे’च्या जागी ‘करण्याचा प्रयत्न करावा’ आलं की तिकडे माणसं बुडतात, असं वर्गात सांगते. मुलं लिहून घेतात.

तुम्ही गावाला पाणी सोडायचात. सकाळी भीमेवरची मोटार चालू करायची, टाकी भरली की ओंजळभर पाणी आधी स्वतः प्यायचं आणि मगच व्हॉल्व्ह फिरवायचा. “लोकाच्या पोटात जायाचं हाय, आधी माझ्या जाऊ दे.” एका उन्हाळ्यात तुम्ही स्वयंपाकघरात येऊन तीनदा चूळ भरलीत आणि आईला सांगितलंत, “आज सोडलं न्हाई. फेस हाय पाण्याला.” दोन दिवस गाव तुम्हाला शिव्या घालत होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला कारखान्याचं पाणी सोडतात त्या ओढ्यातून बाटली भरलीत, एसटीनं पुण्याला आलात आणि ती माझ्या टेबलावर ठेवलीत. “तू ह्येच शिकतीस ना? मग सांग त्यांना.”

गावानं तक्रार केली, तपासणीचं काम विद्यापीठातल्या आमच्याच विभागाकडे आलं. सही विभागप्रमुख सरांची असणार होती, पण अहवाल मी लिहिला. नदीत शहराचं सांडपाणी येतच होतं, तेव्हा सगळा दोष कारखान्याचा नव्हता, हे खरं. पण ओढ्याच्या नमुन्यांचे आकडे माझ्यासमोर होते. तरी शेवटी लिहिलं, ‘प्रदूषणाचे कारण निश्चित सांगता येत नाही.’ तेवढ्या एका वाक्यावर तक्रार निकालात निघाली. ग्रामसभेत कुणीतरी तुम्हाला तोंडावर म्हणालं, “तुमच्याच पोरीनं घालवलं.” मी घरी आले तेव्हा तुम्ही जेवता जेवता विचारलंत, “ते वाक्य तुझं हाय का?”

“नाही आप्पा. सरांनी बदललं.”

“व्हय ना? मला वाटलंच.” हात धुऊन तुम्ही बाहेर पडलात आणि घरोघर जाऊन ते सांगून आलात. नंतरही रोज ओंजळ भरून पीतच राहिलात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, कशानं ते नक्की सांगता येणार नाही. मी मान हलवली.

परवा दौंडला उतरून आधी गावात गेले. पाणी जलपर्णीखाली दिसतच नाही, लोक जारचं पाणी विकत आणतात. तिथून शिरूरला. कचेरीतल्या क्लार्कनं फाईल झटकली, पान उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं. “म्याडम, हितं तज्ज्ञांनीच लिहून दिलंय. आता काय व्हनार? कुणी लिहिलंय ह्ये, माहित्ये का तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणाले, आणि जिन्यावर येऊन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, आप्पा. आता नदी परत आणायची कशी, ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पण लिहिते. सरांनी काही बदललं नव्हतं. उलट त्यांनी विचारलं होतं, “इतकं मवाळ कशाला?” मीच त्यांना पटवलं. मला परदेशाची शिष्यवृत्ती हवी होती, आणि सावध लिहिणाराच तिथं विद्वान ठरतो, हे मला तेव्हाच कळलं होतं. सर आता थकलेत. गावात अजून त्यांचं नाव निघालं की लोक थुंकतात. परवा माझ्यासमोरच थुंकले, आणि मी गप्प उभी राहिले.