लोरीना माझ्या तोंडाकडे का बघते

३ मे १९५१, सॉल्टर्स फोर्क, केंटकी

डायरी सुरू. मोठ्या गायकाच्या लहानपणाबद्दल लोक पुढे वाट्टेल ते ठोकून देतात. पुरावा असलेला बरा. वय चौदा.

आज चर्चमध्ये मी आणि धाकटी बहीण लोरीना गायलो. तिची वरची पट्टी, माझी खालची. पाद्री ब्रदर हार्लन नंतर म्हणाले, ऑर्व्हिल, जरा हळू रे बाबा, देव बहिरा नाही. जळतात. त्यांच्या पोराला गाता येत नाही ना!

आणखी एक. लोरीना गाताना सारखी माझ्या तोंडाकडे बघते. माझी पद्धत चोरतेय. वय नऊ, पण पक्की आहे.

१८ ऑगस्ट

जत्रेतली गाण्याची स्पर्धा जिंकली. बक्षीस अख्खं हॅम, डुकराची खारवलेली मांडी! निकाल टाळ्यांवर असतो. मधल्या कडव्यात मला ठसका लागला, ते लोरीनाने एकटीनेच ओढलं. तेव्हाच टाळ्यांचा कडकडाट व्हावा, हे संशयास्पद आहे. सरबतवाल्या बाईने माझ्या ग्लासात काहीतरी घातलं असणार. आई म्हणते, मेल्या, ठसका लागला म्हणून तर जिंकलात.

रागाच्या भरात हॅम मीच जास्त खाल्लं.

९ मार्च १९५७

रेडिओवर आमचा कार्यक्रम! दर शनिवारी सकाळी, कोंबड्यांच्या खाद्याच्या जाहिरातीनंतर लगेच. श्रोत्यांची पत्रं येतात. सगळी लोरीनाला. पोस्टातल्या मिस ओफेलिया माझी दाबून ठेवतात. आज तोंडावर विचारलं. म्हणाल्या, आलं तर स्वतः घोड्यावरून आणून देईन. त्यांच्याकडे घोडा नाही.

संकल्प : उद्यापासून पहाटे उठून रियाज.

१० मार्च

गाय बिथरते म्हणून आईने रियाज बंद पाडला. गायीला कुणी फितवलं?

६ फेब्रुवारी १९६१

नॅशव्हिलहून फोन. रेकॉर्ड काढणारे कुणी मिस्टर प्रुइट. लोरीनाला बोलावलंय. माझं नाव मुद्दाम घेतलं नाही, मोठ्या लोकांच्या असल्या युक्त्या मला पाठ आहेत. लोरीना म्हणाली, दादा नसेल तर मीही येत नाही. साहजिक आहे. माझ्याशिवाय तिचं कसं व्हायचं?

२० फेब्रुवारी, नॅशव्हिल

कट उघडकीस आणला! स्टुडिओत वाजवणाऱ्यांनी आमचं गाणं एकदाच ऐकलं आणि कागदावर नुसते आकडे खरडले. एक, चार, पाच, एक. सांकेतिक भाषा! गाणं परस्पर दुसऱ्याला विकायचा डाव. ते कॉफी प्यायला गेले तेव्हा सगळे कागद बुटात कोंबले.

परत आल्यावर शोधाशोध. मीही सगळ्यांबरोबर शोधत फिरलो. लोरीनाने माझ्या चालण्यावरून ओळखलं. म्हणाली, दादा, ते सूर आहेत रे, इथे असेच लिहितात, काढ बघू. काढले. गिटारवाल्याने आपला कागद दोन बोटांत धरून वाळवला. मला अजूनही पटलेलं नाही.

पण प्रुइटला माझी किंमत कळली! तो आणि लोरीना बाहेर बराच वेळ कुजबुजले. मग त्याने मला स्वतंत्र काचेची खोली दिली. दार घट्ट बंद, वेगळा माइक, अगदी लोरीनाच्या समोर. म्हणाला, तुमच्या आवाजाला अशीच जागा हवी. जीव तोडून गायलो. फिडलवाला तोंड फिरवून हसत होता. मत्सर, दुसरं काय!

१४ मे १९६१

गाणं रेडिओवर वाजलं. बियाण्याच्या दुकानात सगळं गाव जमलं होतं. लोरीना, फिडल, गिटार. मी नाही. दुकानाचा रेडिओ खराब आहे.

१५ मे

न्हाव्याचा रेडिओही खराब. ट्रकमधलाही. रेडिओ स्टेशनवाल्यांनी माझा आवाज पुसून टाकला. वकील गाठणार.

२७ मे

लोरीना नॅशव्हिलहून घरी आली. गाणं देशभर वाजतंय, सोमवारपासून दौरा. विचारलं, माझा आवाज कुणी चोरला?

ती रडायलाच लागली. म्हणाली, दादा, त्या माइकला वायरच नव्हती. प्रुइट तुला बसमध्ये बसवून परत पाठवणार होता. मी म्हटलं, तो समोर नसेल तर मला गाता येत नाही. लहानपणापासून तुझ्या तोंडाकडे बघते, तू श्वास घेतलास की मी घेते. तू दिसलास की भीती जाते. म्हणून तुला काचेआड उभा केला.

म्हणजे चोरलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं ती घाबरत होती, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

भयंकर राग आला. गोठ्यात जाऊन रडलो. गाय बिथरली नाही.

मग लोरीना आली आणि म्हणाली, सोमवारी येतोस ना?

बूट पुसून ठेवलेत. दौऱ्यातल्या माइकला वायर असेल का, ते मी विचारलं नाही.