चांदीच्या वायरीचा आवाज

आबा, तुम्ही गेल्यावर मी कोल्हापुरात हेडफोनचं दुकान काढलं. परवा तिथं गाणं शिकवणारे एक गुरुजी आले. गेल्या साली मीच त्यांना चांदीचा मुलामा दिलेली भारी वायर विकली होती. तिनं आवाज उजळतो असं सांगितलं होतं, आणि मलाही तसंच ऐकू यायचं. आता त्यांना तिच्याहून भारी वायर हवी होती. मी ती काढायला वळले, आणि का कोण जाणे, लोखंड ओतायची तुमची शिरोलीची फौंड्री आठवली.

मी नववीत असेन. डबा घेऊन येते, तर तुम्ही हातोडीनं एकेक कास्टिंग, साच्यातून निघालेला लोखंडी भाग, वाजवून बघताय. "यात चिरलेलं कुठलं, सांग." मी काळपट, खडबडीत असलेलं दाखवते. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता, "डोळ्यानं ऐकतीस व्हय गं? मीट डोळं!" मग दोन्ही वाजवता. काळपट खणखणीत वाजतं, गुळगुळीत बद्द; चिरलेलं तेच. चारचौघांत बोललात म्हणून मला रडू येतं. पण ऐकायला मी शिकले ती त्याच दिवशी.

मी गुरुजींचे डोळे रुमालानं बांधले. साधी वायर, भारी वायर, आलटून पालटून लावली. "ही भारी," ते ठामपणे म्हणाले. ती साधी होती. मग मी रुमाल बांधला आणि वायरी त्यांनी बदलल्या. मलाही ओळखता येईना. शेवटी त्यांच्या हेडफोनच्या कानावरच्या झिजलेल्या गाद्या बदलल्या, तेव्हा मात्र तंबोऱ्याचा खर्ज दोघांनाही लगेच भरून ऐकू आला.

"मग गेल्या साली मला का दिलीस गं ती?"

"मलाच खरं वाटत हुतं की, गुरुजी. चुकलं माझं."

वायर मी परत घेतली. नव्या गाद्यांचा हेडफोन घेऊन ते गेले. पुन्हा येतील का, ठाऊक नाही. पण त्या वायरींचा खोका फळीवरून उतरवताना मला मोकळं वाटलं, आबा. हे तुमच्यामुळं.

हे पत्र कुठं धाडणार? तरी एक सांगायचं राहिलंय. फौंड्रीच्या आवाजानं तुमचे कान गेल्यावर, हेडफोनच्या कंपनीतल्या माझ्या नव्या नोकरीत मिळालेला पहिला हेडफोन मी तुमच्या डोक्यावर चढवला होता. "कसं येतंय?" मी खुणेनं विचारलं. "लई झ्याक गं!" म्हणत तुम्ही मान डोलवायला लागलात. मी गाणं अजून लावलंच नव्हतं. ते मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही.