राखलेला डाव

॥ श्री ॥
मल्लविद्या संग्रहालय, पौड
४ जानेवारी २००९

ती. सौ. हेमलताआत्यास,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नुसती खरखर ऐकू येते आणि मी ओरडायला लागले की सगळे वळून बघतात, म्हणून पुन्हा कागद-पेन. तुझ्यामुळे माझं अक्षर तरी जिवंत आहे.

हिंजवडीच्या कंपनीतून तीन महिन्यांची रजा काढून मी इथे कुस्तीच्या संग्रहालयात राहायला आलेय. त्यांना इथेच राहून काम करणारी संगणक-कलाकार हवी होती. भिंतीवर गदा, फेटे आणि काळवंडलेले फोटो आहेत. पण डाव लागतो कसा, ते त्यातून कुणाला कळत नाही. आम्ही पैलवानाच्या अंगावर चकाकत्या गोळ्या चिकटवतो, भोवतीचे कॅमेरे फक्त त्या गोळ्या टिपतात आणि संगणकात ठिपक्यांचा माणूस कुस्ती खेळतो. साध्या व्हिडिओत दोघांच्या पाठीच दिसतात, मधली पकड झाकलेली राहते. हा ठिपक्यांचा माणूस मात्र अगदी खालूनसुद्धा बघता येतो.

आता खरं सांगते, रागावू नकोस. आबा तयार झालेत. त्यांचा राखलेला डाव ते या यंत्राला देणार आहेत. उस्तादानं शिष्याला सगळं शिकवावं, एक डाव तेवढा स्वतःपाशी ठेवावा, ही आपल्या रिहे गावातल्या तालमीची रीत. कोंडाजीकाकांनी सारा जन्म आबांच्या हाताखाली काढला, त्यांनाही तो मिळाला नाही. आबा म्हणतात, मशीन काय मानूस हाय व्हय, त्याला दिला तर रीत मोडत न्हाई.

समोर उभे राहणार कोंडाजीकाकाच. आबांना धक्का न लागू देता पडणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. काका हो म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. ते मला टोचलं.

दिवाळीत आबांच्या छातीत कळ आली होती आणि डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलंय, हे मला ठाऊक आहे. जेवण गोड लागत नाही. पण आबांचा चेहरा इतका खुललाय की माझ्या तोंडून नकार निघत नाही. संक्रांतीच्या आत उरकायचं ठरलंय.

माझ्यावर लोभ आहेच, तो रागाच्या भरातही आटू देऊ नये.
तुझी,
अपेक्षा


॥ श्री ॥
बार्शी
९ जानेवारी २००९

चि. अपेक्षास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली. अगं, शिकलीसवरलेली तू, तुझी अक्कल कुठे गहाण पडली? त्या घरात आबांना नाही म्हणणारं कुणी नाही. तुझा बाप तर त्यांच्यासमोर खोकायलासुद्धा घाबरतो. म्हणून मी लिहितेय: हे थांबव. पत्र हातात पडताच थांबव.

आई गेली, त्या वेळी मी बार्शीहून पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. अंगण झाडून झालेलं होतं. तसं पुन्हा माझ्या वाट्याला येऊ देऊ नकोस. आबांचा डाव कुणाला कळला नाही तर कुणाचं काही अडणार नाही. मला बाप एकच आहे.

तिळगुळाचा डबा भरून ठेवलाय. थांबवल्याचं पत्र आलं की पाठवीन, तोवर नाही.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच बोलतेय, हे मनात धरावे.
तुझी आत्या,
हेमलता


॥ श्री ॥
पौड
१४ जानेवारी २००९

ती. सौ. आत्यास,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. सगळं परवाच होऊन गेलं होतं. आधी सांगते, आबा बरे आहेत. धाप लागली, ओठ निळसर झाले, जिभेखाली औषधाची गोळी ठेवली, मग रंग परतला. डॉक्टर आले आणि मला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

आत्या, काय डाव होता गं! आबा नुसते खाली बसले आणि कोंडाजीकाका त्यांच्या खांद्यावरून असे गेले, जणू त्यांना वजनच नाही. बघायला आलेली सगळी तालीम ओरडली. मीही ओरडले. मग संगणकाकडे वळले तर पडद्यावर काहीच नाही.

आबांनी इथल्या संग्रहालयाच्या आखाड्यात उतरताच माती उचलून कपाळाला लावली, मग दोन्ही हातांनी अंगभर चोळली आणि कोंडाजीकाकांच्याही अंगावर टाकली. जन्मभराची सवय. गोळ्यांची चकाकी त्या मातीखाली गेली, घामानं काही गळून पडल्या. कॅमेऱ्यांना दिसणार काय? आणि हे मी समोर बसून बघत होते. थांबा म्हणायला हवं होतं. पण पैलवानाच्या घरातली मी, सलामी चाललेली बघून माझे हात आपोआप जोडले गेले.

आबांना वाटतंय, काम फत्ते झालं. घरी खाटेवर पडून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आता मी गेलो तरी चालंल. त्यांना खरं सांगितलं तर ते उद्याच पुन्हा उतरतील. मला भीती वाटतेय, आत्या. मी काय करू?

रागाव, पण माया तेवढी ठेव.
तुझी,
अपेक्षा


॥ श्री ॥
बार्शी
१९ जानेवारी २००९

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस. एक अक्षर बोलू नकोस. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर लाव. संग्रहालयाला म्हणावं यंत्र बिघडलं, नाहीतर काहीही म्हण.

तिळगूळ पाठवलाय. आबांना एकच वडी दे, त्यांचा हात डब्याकडे लवकर जातो. ह्यांचं दुखणं जरा उतरलं की मी निघतेच.

आपला लोभ पत्रापत्रानं वाढत जावा.
तुझी आत्या,
हेमलता


॥ श्री ॥
रिहे
८ फेब्रुवारी २००९

ती. सौ. आत्यास,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

लपलं नाही. कोंडाजीकाकांना मी खरं सांगितलं होतं. फेकला गेलेला माणूस तो डाव अंगात घेऊन उठतो, त्यांनाही तो समजला होता. पण विचारल्याशिवाय करणं त्यांच्या मनाला पटेना. ते आबांच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, उस्ताद, तुमचा डाव कॅमेऱ्यापुढं मी करू का? आबांनी विचारलं, का? मग सगळं बाहेर आलं.

आबा उठून बसले आणि लंगोट मागितला. आई रडायला लागलेली, मी दारात आडवी उभी. तेव्हा कोंडाजीकाकांनी जन्मात पहिल्यांदा उस्तादाला नाही म्हटलं. म्हणाले, मी उभा ऱ्हानार न्हाई, आन् खोऱ्यातल्या कुटल्याच तालमीतला गडी उभा ऱ्हानार न्हाई, मी समद्यांना सांगून आलोय. आबांनी त्यांना नको ते बोलून घेतलं. मशीनला द्यायचा होता, तुला न्हाई, असंही म्हणाले. काका ऐकत राहिले, पण हलले नाहीत. आबा जेवेनात, तेव्हा काकाही आमच्या ओट्यावर उपाशी बसून राहिले.

शेवटी आबांनी काठी घेतली आणि बाहेर आले. मला वाटलं, आता मारणार. त्यांनी काठीचं टोक काकांच्या गुडघ्याला लावलं आणि सांगितलं, ह्यो आत घ्यायचा, बाहेर ऱ्हायला तर तूच पडशील. आत्या, मला तिथंच रडू फुटलं.

चार दिवसांपूर्वी संग्रहालयात काम झालं. काकांनी आपल्या शिष्याला फेकलं. आबा खुर्चीवर बसून ओरडत होते आणि कुणी मातीला हात लावला की माझ्याआधी तेच दरडावत होते. सगळं नीट टिपलं गेलं. पाटीवर कुणाचं नाव घालायचं विचारलं, तर आबा म्हणाले, कोंडाजीचं. काका बाहेर पायरीवर जाऊन बसले, बराच वेळ आत आले नाहीत.

पण परवापासून आबा भिंतीकडे तोंड करून पडलेत. गोळी पुढे केली तर घेत नाहीत. काल मला विचारलं, आता माझ्यापाशी काय ऱ्हायलं गं? तू लवकर ये.

माया कर आणि धीर दे.
तुझी,
अपेक्षा


॥ श्री ॥
बार्शी
१२ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप आबांस,
हेमलताचा शिरसाष्टांग नमस्कार.

अपेक्षा वाचून दाखवील, तेव्हा भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून ऐका.

लहानपणी मी रोज तुमच्यासाठी दुधाचा तांब्या घेऊन तालमीच्या पायरीपर्यंत यायची. पोरीनं आत यायचं नाही, म्हणून तांब्या ठेवून परत फिरायची. तुम्ही घरी यायचात तेव्हा दमलेले असायचात. जे होतं ते सगळं तुम्ही मातीला दिलंत, तालमीला दिलंत. कोंडाजीला मिळालं याचा मला आनंदच आहे, खरंच आहे. त्यानं वाट बघितली. मीही बघितली.

तुमच्यापाशी काय राहिलं म्हणून पोरीला विचारलंत. आबा, जे राहिलंय ते माझं आहे. आजवर मी काही मागितलं नाही, आता मागतेय. मी पोचेपर्यंत ते सांभाळा, गोळ्या घ्या, दोन घास खा.

हे पत्र आज रात्रीच्या गाडीनं तिकडे येणाऱ्या माणसाहाती धाडतेय, मी उद्या सकाळच्या एस.टी.नं निघतेय.

तुमची,
हेमा